बांधलेल्या बोटीचं शीड

…नाही, तिथं नका बसू, ती जागा मदतनिसाची. तुम्ही तिकडं बसा, चाकामागच्या उंच खुर्चीवर — हो, तीच, कप्तानाची — अहो बसा साहेब, खुर्ची चावत नाही. चावणारा आज बोटीवर नाही. आणि ही टोपी घाला. ऊन नाही? ऊन नसलं तरी घाला, टोपीशिवाय चाक धरलं तर माणूस चाक धरायला आल्यासारखा दिसत नाही, हरवल्यासारखा दिसतो. घट्ट होतेय? होणारच, त्यांचं डोकं लहान आहे, त्यात मावतं तेवढंच मावतं. थोडी तिरकी करा. नाही, एवढी नाही. हं. आता जरा मागं रेला, पाय वर घ्या, त्या कडेवर टेकवा — बूट काढलेत ना — मग टेकवा बिनधास्त.

कप्तान कुठं म्हणता? आहेत की. हा धक्का संपतो, त्यापुढं रस्ता, रस्त्यापलीकडं बसथांबा, थांब्याला बाक, बाकावर पांढरा शर्ट आणि निळी बॅग. शर्टात आहेत ते. असं वळून नका बघू, बघितल्यासारखं दिसतं. खुर्चीतून मान न हलवता त्या आरशासारख्या काचेत बघा — दिसले? बसची वाट बघतायत. धाकट्या भावाकडं चाललेत, हवापालटाला. ज्याचा सगळा धंदाच हवेवर, तो निघालाय हवापालटाला. मी म्हटलं जा. मी काय पदर — काय दोर धरून बसणार आहे का? जा म्हटलं, भावाच्या बायकोच्या हातचं खा, ती वाढते तेव्हा ताटात आवाज करते, मग आठवण येईल.

नाही नाही, सफर रद्द नाही, रद्द कशाला? पैसे भरलेत, दिवस भरून मिळेल. ही बोट एकट्यानं निघत नाही ते खरं — एक माणूस चाकाला लागतो, एक दोराला — पण आपण दोघं आहोत ना. तुम्ही आणि मी. तुम्हाला काही येत नाही? म्हणूनच तर शिकवणी लावलीत.

हॉटेलवाल्यांनी रंगीत कागद दिला असेल, त्यावर एक बाई चाक धरून दात दाखवतेय. ती मी नव्हे. ती कोण ते कुणालाच माहीत नाही, छापखान्यातूनच आली ती. खरी माणसं आम्ही. आमचे हे हॉटेलची बस चालवायचे, पाहुणे आणायचे, पाहुणे सोडायचे, तीस वर्षं. मी हॉटेलच्या धुलाईत, चादरी. शिक्षण चौथी, त्यात दुसरी दोनदा. मग मालकाला बोटीची हुक्की आली. ही घेतली, पहिल्याच फेरीत उलट्या झाल्या, तेव्हापासून ते तिचं कौतुक किनाऱ्यावरूनच करतात. ठेवलेला कप्तान एका हंगामात पळाला. तर मालकाचं डोकं बघा — हा बस चालवतो, म्हणजे याला चाक येतं. ही चादरी वाळवते, म्हणजे हिला वाऱ्यातलं कापड येतं. आणि नवरा-बायको आहेत, म्हणजे खोली एकच लागेल. पाठवलं दोघांना शिकायला. आम्ही शिकलो. गाढवं शिकतात, आम्ही तर दोघं होतो.

तर धडा पहिला, चाक. ही जुळी बोट. बाकीच्या बोटींना एक पोट, हिला दोन, मध्ये जाळी. दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात, ही जन्मापासून दोन दगडांवरच उभी आहे आणि मजेत आहे. दोन पोटं म्हणून दोन सुकाणू आणि दोन इंजिनं, एकेका पोटात एकेक. धक्क्याला लागताना चाकाला हातसुद्धा लावायचा नाही — चाक सरळ, आणि या दोन दांड्यांनी काम करायचं. डावं इंजिन पुढं, उजवं मागं, की बोट जागच्या जागी उजवीकडं फिरते, कुंभाराच्या चाकासारखी. चाकाचा उपयोग कधी? बोट चालायला लागल्यावर. सुकाणूवरून पाणी वाहिलं तरच सुकाणू ऐकतं, बोट उभी असली की तुम्ही चाक कितीही फिरवा, ते नुसतं मान हलवतं. आणि बांधलेल्या बोटीचं चाक तर कधीच फिरवायचं नाही, ते यांना अजिबात खपत नाही — कडेपर्यंत नेऊन आपटलं की आतले दोर ताणतात, म्हणतात. कळलं? मग आता फिरवा. हो, आत्ताच म्हटलं फिरवायचं नाही. फिरवा. डावीकडं कडेपर्यंत, मग उजवीकडं, गरगर — जरा उत्साहानं, साहेब, लॉटरी लागल्यासारखं — हं, असं. पुन्हा.

काय करतायत? मान वळली? चष्मा पुसतायत? चष्मा त्यांना जवळचं बघायला लागतो. ड्रायव्हरचे डोळे, लांबचं सगळं दिसतं, जवळचं काही म्हणजे काही दिसत नाही. बरं. राहू द्या चाक. फुकट मेहनत.

अहो कशाचा बनाव? कसला बनाव? तुम्ही शिकवणीला आलात, मी शिकवतेय. त्यांना दाखवून मला काय मिळवायचंय. वाऱ्याकडं लक्ष द्या. वारा कुठून येतोय? हाताचं बोट ओलं करून बघू नका, ते सिनेमात करतात. मानेच्या मागं गार लागतंय ना — म्हणजे जमिनीवरून येतोय, पाठीमागून. बोटीचं नाक समुद्राकडं, पाठ रस्त्याकडं, वारा पाठीत. म्हणजे बाकावरचं बोलणं आपल्याकडं येईल, आपलं त्यांच्याकडं जाणार नाही. म्हणून मी मोकळी बोलतेय. नाहीतर मी फार बोलत नाही.

धडा दुसरा, शिडं. दोन आहेत. हे डोलकाठीमागचं मोठं, आडव्या दांडक्यावर — बूम म्हणतात त्याला — घडी करून ठेवलंय ते. आणि पुढचं लहान, नाकावर गुंडाळलेलं. मोठं शीड वर चढवायचं असेल तर पहिला नियम, शेवटचा नियम, मधला नियम — नाक वाऱ्यात. बोट वळवायची, वारा थेट तोंडावर घ्यायचा, मग कापड नुसतं फडफडतं, त्यात वारा भरत नाही, आणि सरसर वर जातं. पाठीमागून वारा असताना चढवलं तर अर्ध्यात भरतं, डोलकाठीला ताणून धरणाऱ्या बाजूच्या तारांवर जाऊन चिकटतं, धड वर जात नाही धड खाली येत नाही, आणि बोट वेड्या म्हशीसारखी दावं ओढायला लागते. असं कोणी करत नाही. धक्क्याला बांधून तर जगात कोणीच करत नाही. यांच्यासमोर असं कोणी केलं तर ते मेलेले उठून बसतील, एवढी त्यांना चीड आहे.

मेलेले कसले, लोखंडासारखे आहेत. फक्त बोलत नाहीत. गेल्या रविवारपासून बोलले नाहीत. जेवतात, भांडं घासतात, दोर गुंडाळतात, बोलत नाहीत. तुमच्या घरी भांडणं होतात? होतात ना. आरडाओरडा होतो? मग नशीबवान आहात. एका पोटाच्या बोटीचं असंच असतं बघा — वारा जास्त झाला की ती कलते, खालची भांडी पडतात, माणसं किंचाळतात, म्हणजे कळतं की बाई शीड जास्त झालं, थोडं दुमडा, लहान करा. ही जुळी कलत नाही. केवढाही वारा येऊ द्या, चहाचा कप हलत नाही. पाहुणे म्हणतात वा वा, काय आराम. आराम कसला, ती सांगत नाही एवढंच. सगळा जोर आत डोलकाठीवर, तारांवर साठत जातो, आणि एक दिवस कडाड. म्हणून हिच्यावर अंगाला वाटेल तसं वागायचं नाही, ही वाऱ्याची तबकडी आहे ना, तिच्यावरचा आकडा बघायचा आणि आकडा चढला की निमूट शीड लहान करायचं, गंमत वाटत असली तरी. माणसाला अशी तबकडी लावलेली नसते ही पंचाईत आहे. मी आपली चहा सांडत नाही म्हणून खुशीत, आणि आज सकाळी बघते तर बॅग भरलेली. बॅगेत दाढीचं सामान. दाढीचं सामान नेलं म्हणजे माणूस दोन दिवसांसाठी जात नाही, कळलं का तुम्हाला?

दाराशी उभे राहिले आणि बोलले, एवढ्या दिवसांनी एकच वाक्य. म्हणाले, तू एवढंच म्हण, ‘मी आधी सोडला’, मी बॅग उघडतो. मी म्हटलं, दोर ओला होता, निसटला. ते म्हणाले, बरं. हे ‘बरं’ ऐकलंय तुम्ही कधी? सासऱ्यांचं होतं असंच ‘बरं’. त्या घराण्यात तलवार नव्हती, हेच होतं.

कुठला दोर म्हणजे? तोच सांगायला चाललेय, धडा तिसरा तोच आहे, तुम्ही मध्ये बोलू नका. वारा समोरून असला की सरळ जाता येत नाही, नागमोडी जावं लागतं — थोडं डावीकडून, मग वळायचं, थोडं उजवीकडून. हे वळणं या जुळीला जड जातं. रुंद बाई अरुंद जिन्यात वळते ना, तसं. नाक वाऱ्यात आलं की वेग मरतो, वेग मेला की सुकाणू ऐकत नाही, आणि बोट मध्येच उभी राहते. मग युक्ती काय? पुढचं शीड लगेच सोडायचं नाही. चाकवाला चाक वळवतो, नाक वाऱ्यात येतं, आणि दोरवाली — म्हणजे मी — पुढच्या शिडाचा दोर तसाच धरून ठेवते. शिडात मग उलटा वारा भरतो, तो नाकाला ढकलतो पलीकडं, आणि नाक पुरतं पलीकडं गेलं की मग चाकवाला मान हलवतो, आणि मी सोडते, आणि दुसऱ्या बाजूचा दोर ओढते. बस्. मान हलवायची एवढंच. आम्ही दोघं कधी बोलत नव्हतो वळताना. पाहुणे म्हणायचे, अरे, वळली कधी?

तुम्ही या इकडं, खुर्ची सोडा, चरखी बघून घ्या, दोरांची ती. हे पोलादी मडकं. दोर याच्याभोवती तीन वेढे द्यायचे, घड्याळाच्या काट्यासारखे. मग गंमत बघा — तिकडं शीड बैलासारखं ओढत असतं आणि इकडं तुम्ही दोराचं टोक दोन बोटांत धरून उभे, जपमाळ धरल्यासारखे. लहान मूल धरील. तीन वेढ्यांमधून दोर आपणहून जात नाही, ओला असला तर मुळीच नाही, ओला आणखी चिकटतो. सोडायचा तर एकेक वेढा हातानं वर काढावा लागतो. एक. दोन. तीन.

आता माझ्याकडं असं काय बघताय? मी चरखीचं सांगतेय. सर्वसाधारण चरखीचं.

काय झालं ते ऐका आणि मग ठरवा. गेल्या रविवारी यांचे जुने सोबती आले, हॉटेलचे ड्रायव्हर लोक, बायका-मुलांसह, मॅनेजरनं एकदाची फुकट सफर दिली त्यांना. यांना ते हळूराव म्हणतात. तीस वर्षांत एक आरसा फुटला नाही, एक पाहुणा वाटेत ओकला नाही, इतके हळू. तर हळूरावांच्या अंगात त्या दिवशी काय संचारलं कोण जाणे. नवी टोपी — हीच — छाती पुढं, आणि मी जिन्यानं वर येतेय हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन, तर एक ड्रायव्हर विचारतो, वहिनी काय करतात बोटीवर? हे म्हणाले, ही होय, ही खालचं बघते.

खालचं. खाली काय आहे ते दाखवते तुम्हाला. चूल आणि दोन संडास.

मी बाटल्या वाटल्या. मला वाटलं, म्हणतील पुढं — हसत म्हणतील, अरे नाही रे, दोर हिच्याकडं असतात, हिच्याशिवाय ही वळत नाही. म्हणाले नाहीत. उलट हुकूम सुटायला लागले. घे, सोड, आवळ, सैल कर — ज्या माणसानं इतकी वर्षं मान हलवली, तो आख्ख्या समुद्राला ऐकू जाईल असा ओरडतोय, कंडक्टरसारखा. मी करतेय. आवळ म्हटलं आवळलं. आणि इंजिनं बंद केली, सोबत्यांना दाखवायला, निव्वळ वारा बघा म्हणे. मग वळायची वेळ आली. चाक फिरवलं. नाक वाऱ्यात आलं. हे ओरडतायत, धर, धर, अजून धर, तुला सांगेपर्यंत सोडू नकोस, कळतंय का — ‘कळतंय का’ म्हणाले, ड्रायव्हरांच्या बायकांसमोर —

एक. दोन. तीन. झालं. एवढंच.

म्हणजे निसटला. ओला होता.

मग काय व्हायचं ते झालं. बोट नाक वाऱ्यात घालून उभी, दोन्ही शिडं फडफडतायत, धुलाईच्या गच्चीत वादळ शिरल्यासारखं. हे इंजिनं चालू करायला धावले, तोवर तो मोकळा दोर फटके मारत मारत पाण्यात पडला, पाण्यातून इंजिनाच्या पंख्यात, एक इंजिन ठार. उरलं एक. आता तुम्हाला येतं ना, सांगा — दोन पोटांची बोट, एकाच पोटातलं इंजिन चालू, वेग नाही म्हणून सुकाणू बहिरं. काय होईल? बरोबर. गोल. गोल गोल फिरायला लागली, बंदराच्या मधोमध. चाक कडेपर्यंत वळवलंय, घामानं निथळतायत, आणि बोट आपली गोल. पहिल्या फेरीला सोबती कठडा धरून होते. दुसऱ्या फेरीला एक म्हणाला, हळूराव, स्टॉप आला की सांगा, मला उतरायचंय. तिसऱ्या फेरीला एका ड्रायव्हरचा पोरगेलासा जावई म्हणाला, काका, हा रिंगरूट का? सगळे हसले. बायकासुद्धा. मी पण —

मी हसले नाही. खोकला आला.

शेवटी मासेमारीच्या एका बोटीनं दोर टाकून ओढत आणलं आम्हाला, सगळ्या धक्क्यासमोरून. हे चाकामागं उभे होते. ओढून आणतात तेव्हा चाक धरायची गरज नसते. तरी धरून उभे होते. सोबती उतरताना प्रत्येकजण खांद्यावर थोपटून गेला. मला वाटलं आता घरी गेल्यावर होईल, भांडी आपटतील, मी पण आपटीन, मी सगळं तयार ठेवलं होतं मनात, ‘खालचं बघते’ पासून ते लग्नातल्या मानपानापर्यंत. तर नाही. पंख्यातला दोर स्वतः पाण्यात उतरून कापून काढला, आणि वर येऊन, ओल्या अंगानं, विचारलं, तू आधी सोडलास? संपलं. का सोडलास, हे विचारलं का? विचारलं असतं तर मी — नाही विचारलं. ज्याला ‘का’ विचारता येत नाही त्याला ‘हो’ सांगायचं कशाला? आणि एकदा हो म्हटलं की मेलं जन्मभर ते ‘हो’ पाटावर बसवून पूजा करतील. मी नाही म्हणणार. जीभ झडली तरी नाही म्हणणार. जाऊ दे भावाकडं. मी दुसरा चाकवाला बघीन. तुम्ही चांगलं फिरवता चाक.

उतरतो म्हणता? अहो अजून धडा चौथा — थांबा. थांबा जरा. तो आवाज कसला? आली का बस? अजून वळणावर आहे? नाही, आली. आली बघा. उभे राहिले. बॅग उचलली. बॅग कधीची धरवत नाही त्यांना, खांदा दुखतो, तो रविवारीच दुखावलाय, पाण्यात. चला, उठा साहेब, शीड. मोठं शीड. हा दोर घ्या, दोन्ही हातांनी, डोलकाठीकडं पाठ करू नका. ओढा.

हो, मला ठाऊक आहे वारा पाठीमागून आहे. म्हणाले असेन. आत्ताच म्हणाले, बरोबर आहे, तुमचं लक्ष चांगलं आहे, ओढा. हो, बांधलेली पण आहे. मागचे दोर मी सकाळीच दुहेरी करून ठेवलेत, तुटायचे नाहीत. कशाला केले म्हणजे? केले असेच. बाईमाणसाच्या हाताला काम लागतं. ओढा, बोलू नका, बस थांबलीय. माणसं चढतायत. हे शेवटी चढतात, सगळ्यांना आधी चढू देतात, सवय आहे. ओढा — अजून — बघा कसं भरतंय ते, आई गं — बूमपासून लांब राहा, खाली वाका, डोकं — गेलं तारांवर. चिकटलं. हलत नाही? हलणारच नाही. ओढा तरी. बोट हिसके देतेय ते मला कळतंय, माझ्या पायांखाली पण बोटच आहे. बघतायत का? इकडं बघतायत का ते सांगा, माझ्या डोळ्यांत पाणी — दोराची धूळ गेलीय. बॅग आत ठेवली? एक पाय पण? पायरीवर? कुठला पाय? अहो नीट सांगा ना, उजवा की डावा, उजवा पाय नुसता टेकवतात ते, डावा ठेवला म्हणजे गेले —

ओढा. मेलं फाटू दे शीड, मालकाचं आहे.

काय? काय म्हणालात? धावतायत? बस चालली — बस चालली आणि बॅग? बॅग बसमध्येच. दाढीचं सामान गेलं. जाऊ दे, दाढी बरी दिसते. धावू नका म्हणावं कोणीतरी, गुडघा आहे त्यांचा — अहो, धावू नका, वारा तुमच्याकडून येतोय, तुम्हाला ऐकू जायचं नाही — तुम्ही बाजूला व्हा साहेब, तो दोर सोडा, नाही, सोडू नका, तिथं खुंटीला गुंडाळा आणि बाजूला व्हा, त्यांना येऊ द्या. काही बोलू नका. तुम्ही काही ऐकलं नाहीत. टोपी काढा.

…

हं. — हो. मी सांगितलं म्हणून. — नाही, या साहेबांची चूक नाही, यांना काही येत नाही. — दिसतंय मला, वारा पाठीत आहे ते. — कुठला दोर, बूमचा? आणते आत. तुम्ही जा डोलकाठीकडं, मी आणते. — आवळतेय. अजून? — आवळला. तीन वेढे आहेत. — धरलाय. — धरलाय म्हटलं ना. खाली खेचा तुम्ही. खांदा सांभाळून. — नाही, नाही सोडत. तुम्ही मान हलवल्याशिवाय नाही सोडत. — हो. या वेळी नाही.

— बघू नका असं माझ्याकडं, शिडाकडं बघा. — काय? — का म्हणजे? आत्ता विचारताय? आत्ता माझे दोन्ही हात गुंतलेत. — सांगते की. सगळं सांगते, मागचं-पुढचं सगळं सांगते, आधी शीड खाली येऊ द्या.

— हे? हे कोणी नाहीत. शिकायला आले होते. उतरतायत.